पोट फाडावं लागत नाही, म्हणून पित्ताशय काढायचं का?

बेळगावच्या शहापूरहून एकांनी विचारलंय: "आईचं वय ५८. महिन्यापूर्वी लघवीला जळजळ होत होती म्हणून सोनोग्राफी केली, तर पित्ताशयात ११ मिलिमीटरचा खडा निघाला. पोटात दुखत वगैरे नाही, कधीमधी जेवणानंतर गॅस धरतो एवढंच. एक डॉक्टर म्हणाले, 'दुर्बिणीनं एका दिवसात होतंय, काढून टाका.' दुसरे म्हणाले, 'त्याला हात लावू नका.' आमच्या गल्लीत चार घरांत पित्ताशय काढलेली माणसं आहेत. आजीच्या वेळी असलं काही ऐकलं नव्हतं. रोग वाढलाय, की ऑपरेशनं वाढलीत?"

आधी आईचं सांगतो, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल. तुम्ही लिहिलंय तेवढीच हकीकत असेल, तर आज ऑपरेशनची गरज नाही. दुसरे डॉक्टर बरोबर आहेत. पहिले खोटं बोलले असंही नाही. दुर्बिणीनं एका दिवसात होतं हे खरंच आहे. पण 'होतं' आणि 'करावं' यांत अंतर आहे आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या अंतरातच सापडतं.

मी सर्जरी शिकायला लागलो १९८८ मध्ये. तेव्हा पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणजे उजव्या बरगडीखाली तिरका, वीतभर छेद. पोटाचे स्नायू कापत आत जायचं, यकृत वर उचलून धरायला सहायकाचा हात तासभर अवघडलेला. ऑपरेशननंतर नाकात नळी, कुशीतून बाहेर आलेली दुसरी नळी, तिला पिशवी. छेद बरगडीलगत, त्यामुळे दीर्घ श्वास घेतला की टाके ओढायचे. मग पेशंट अर्धाच श्वास घ्यायचा आणि तिसऱ्या दिवशी छातीत कफ भरायचा. आम्ही फुगे फुगवायला द्यायचो. टाके आठव्या-दहाव्या दिवशी निघायचे. शेतात वाकायला, कळशी उचलायला दीड-दोन महिने मनाई. कुणाकुणाला वर्षाभरानं तिथंच हर्निया.

एवढं सोसायला माणूस कधी तयार होणार? दुखण्यापेक्षा ऑपरेशन बरं वाटायला लागल्यावरच. खानापूर तालुक्यातल्या एका मावशी मला अजून आठवतात. रात्री कळ आली की त्या गुडघ्यावर बसून कपाळ जमिनीला टेकवायच्या आणि तशाच पहाटेपर्यंत राहायच्या. चार वर्षं त्यांनी असं काढलं. पाचव्या वर्षी कावीळ झाली, तेव्हा मुलानं आणून सोडलं. त्या काळी आमच्या टेबलावर येणारे बहुतेक असेच असायचे, उशिरा आलेले आणि खरोखर आजारी.

बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढलं. तिथपासून शंभर वर्षं ही पद्धत मुळात बदलली नाही. १९८५ मध्ये जर्मनीतल्या बोब्लिंगेन गावी एरिक म्यूहे यांनी पोट न उघडता, दुर्बिणीतून पित्ताशय बाहेर काढलं. त्यांच्याच देशातल्या सर्जन मंडळींनी त्यांना हसण्यावारी नेलं. पुढं एक पेशंट दगावला तेव्हा ते कोर्टाच्या फेऱ्यातही अडकले. निर्दोष सुटले आणि त्याच मंडळींनी १९९२ मध्ये त्यांचा सन्मान केला, ही गोष्ट वेगळी. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या लियॉं शहरात फिलिप मूरे यांनी हे ऑपरेशन केलं आणि तिथून ते जगभर पसरलं. आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी ते सुरू केलं. मी स्वतः पहिलं केलं १९९६ मध्ये. सहायकासारखा हात अवघडला नाही, पण पडद्याकडे बघून मान अवघडली. दुसऱ्या दिवशी पेशंट स्वतः चालत संडासला गेला, आणि वॉर्डातल्या सिस्टरनी मला बोलावून तो दाखवला. असं आधी कुणी बघितलं नव्हतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. दुर्बीण आल्यावर ऑपरेशनं वाढली का? वाढली, आणि हे मोजून झालेलं आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १९८७ ते ८९ या काळात दर हजार प्रौढांमागे वर्षाला १.६९ पित्ताशयं काढली जात. १९९२ मध्ये तो आकडा २.१७ वर गेला. म्हणजे तीन-चार वर्षांत २८ टक्के वाढ. एवढ्या थोड्या दिवसांत लोकांच्या पोटात खडे काही २८ टक्क्यांनी वाढत नाहीत. बदललं ते ऑपरेशन, आणि त्याला 'हो' म्हणायची पायरी खाली आली.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, ती मी माझ्या विद्यार्थ्यांना फळ्यावर मांडून दाखवतो. प्रत्येक ऑपरेशनमागे मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी उतरला होता. उत्तम. पण ऑपरेशनं १०० ची १२८ झाली. धोका १०० वरून ६७ वर. गुणाकार करा, येतात ८६. म्हणजे धोका एक-तृतीयांशानं घटला, तरी एकूण मृत्यू त्या मानानं घटले नाहीत, आणि जी घट दिसली ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतकी नव्हती. पेनसिल्व्हेनियातल्या एका आरोग्य विमा योजनेत १९८८ ते १९९२ मध्ये हाच प्रकार पैशाच्या बाबतीत दिसला. एका ऑपरेशनचा खर्च सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला, आणि पित्ताशयावरचा एकूण खर्च ११ टक्क्यांनी वाढला.

तुम्ही शहापूरचे, त्यामुळे तुम्हाला हे चटकन कळावं. हातमागावर साडी विणली जायची तेव्हा घरातल्या बाईकडे मोजक्या साड्या असायच्या. वडगाव-शहापूरला यंत्रमाग खडखडायला लागले, साडी स्वस्त झाली. मग काय घरातला साड्यांवरचा खर्च कमी झाला? कपाट वाढलं.

पण यावरून 'म्हणजे ही सगळी वाढ लुबाडणूक' असा निष्कर्ष काढाल तर मी तुमच्याशी भांडेन. वाढलेल्यांतले बरेच जण त्या खानापूरच्या मावशींसारखे आहेत. फरक एवढाच की त्या आता चार वर्षं जमिनीला कपाळ टेकवत नाहीत, दुसऱ्या कळेलाच येतात. पूर्वी सुरीच्या भीतीनं घरात दडून बसलेली दुखणी बाहेर आली. दुसरे म्हणजे म्हातारे. सत्तरी ओलांडलेला, दम्याचा, विडी ओढून छाती खराब झालेला निपाणीकडचा माणूस आला तर वीतभर छेदाला आम्ही 'नको' म्हणायचो. आज भूलतज्ज्ञ तयार असेल तर त्यालाही मोकळं करता येतं. तिसरं, वेळ बदलली. पित्ताशय सुजून ताप आला की आम्हाला शिकवलं होतं, सलाईन-इंजेक्शनवर थंड होऊ दे, सहा आठवड्यांनी काढू. त्या सहा आठवड्यांत कितीतरी जण पुन्हा सुजून यायचे, काही यायचेच नाहीत. आता सूज आल्यापासून दोन-तीन दिवसांत काढलेलं बरं, असं अभ्यासांतून पक्कं झालंय. ही वाढ चांगली आहे. ती झाली नसती तर मला वाईट वाटलं असतं.

अडचण चौथ्या गटाची आहे. ज्यांना खड्यामुळे त्रास नाही, पण खडा आहे. तुमच्या आईसारखे.

हा गट सोनोग्राफीनं तयार केला. लघवीसाठी, पाळीसाठी, मूल राहत नाही म्हणून, नोकरीच्या तपासणीसाठी, कशासाठीही पोटावर प्रोब फिरला की पित्ताशय दिसतंच. खडा असला की अहवालात येतो. पूर्वी तो खडा माणसासोबत निमूटपणे स्मशानापर्यंत जायचा, कुणाला कळायचंही नाही. तुमच्या आजीच्या पोटातही असेल कदाचित.

अशा गप्प खड्यांचं पुढं काय होतं, यावर मिशिगन विद्यापीठातल्या १२३ कर्मचाऱ्यांचा जुना अभ्यास आहे, १९८२ चा. पंधरा वर्षांत त्यांच्यातल्या १८ टक्क्यांना कळ आली. उरलेल्यांना नाही. त्यात पुरुषच जास्त होते, म्हणून तो आकडा तुमच्या आईला जसाच्या तसा लावू नका. पण नंतरचे अभ्यासही वर्षाला शंभरात एक ते चार एवढंच सांगतात. आणि खडा बोलायला लागतो तेव्हा तो बहुतेकदा आधी कळ देतो. एकदम कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज घेऊन येणारे थोडे. म्हणजे इशारा मिळायची शक्यता भरपूर असते.

आता 'गॅस' या शब्दाकडे येतो. तुमच्या पत्रातला सगळ्यांत धोक्याचा शब्द तोच आहे.

आपल्या मराठीत 'पित्त' या एका शब्दानं डॉक्टरांचं आणि पेशंटचं फार नुकसान केलंय. छातीत जळजळ झाली, आंबट पाणी आलं, की 'पित्त झालं'. अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, की 'पित्त उठलं', मग आमसुलाचं पाणी लावा. सकाळी डोकं दुखून उलटी झाली की 'पित्त पडलं'. आणि यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा रस, तोही पित्तच. चार वेगळ्या गोष्टी आणि शब्द एक. जळजळ जठरातल्या आम्लाची, गांधी ॲलर्जीच्या, डोकं अर्धशिशीचं. पित्ताच्या खड्याचा यांतल्या एकाशीही संबंध नाही. पण पंचवीस वर्षं 'मला पित्ताचा त्रास आहे' म्हणणाऱ्या बाईच्या हातात 'पित्ताशयात खडा' असा कागद पडला, की तिला वाटतं, सापडलं बघ मूळ! तिला समजवायला सर्जनला जीभही हलवावी लागत नाही. शब्दानंच तिला टेबलापर्यंत आणलेलं असतं.

येळ्ळूरकडच्या एक अक्का दुसरीकडे ऑपरेशन करून दोन महिन्यांनी माझ्याकडे आल्या. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकची छोटी डबी काढून टेबलावर ठेवली. डबीवर चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेननं तारीख. आत तांबूस-करडे, तुरीच्या डाळीएवढे खडे. "तेवीस हाईत," त्या म्हणाल्या, "मी मोजल्यात." मग डबी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "पिशवी काढली तरी पित्त होतंयच की हो डॉक्टर!" ऑपरेशन चोख झालं होतं, तीन-चार बारीक व्रण सुंदर भरलेले. पण त्यांना त्रास होता तो जळजळीचा, रोजचा, दिवसातून चार वेळा साखरेचा चहा आणि रात्री साडेदहाच्या जेवणाचा. तेवीस खड्यांचा त्यात हात नव्हता. चहा दोनवर आणला, जेवण आठला, दीड महिना गोळी दिली. अक्कांचं पित्त गेलं. पित्ताशय आधीच गेलं होतं.

खड्याची खरी कळ वेगळी ओळखू येते. ती बहुतेक रात्रीची, जड जेवणानंतर दोन-तीन तासांनी, वरच्या पोटात मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली सुरू होते. उजव्या खांद्याच्या पात्याखाली पाठीत जाते. मुरडा येऊन-जाऊन असतो तशी नसते, चढते आणि चढलेलीच राहते, अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांपर्यंत. माणूस स्वस्थ पडून राहू शकत नाही, कूस बदलतो, उठतो, उलटी करतो. ढेकर दिल्यानं किंवा संडासला जाऊन आल्यानं हलकं वाटत नाही. आणि कळ गेली की पूर्ण जाते, पुढचे कित्येक आठवडे काही नाही. "रोज थोडं थोडं दुखालंय" म्हणणाऱ्या पेशंटला मी आधी दुसऱ्या कारणांसाठी तपासतो, खडा दिसत असला तरीही.

खरी कळ असलेल्यांचंही सगळं दुखणं ऑपरेशननं संपतंच असं नाही. नेदरलँड्समध्ये खडे आणि पोटदुखी असलेल्या हजाराहून जास्त पेशंटांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर पूर्ण वेदनामुक्त होते ते शंभरातले साठच्या आत-बाहेर. ब्रिटनमध्ये ४३४ पेशंटांवर झालेल्या, २०२३ च्या अभ्यासात कळ येणाऱ्या पण गुंतागुंत नसलेल्या लोकांना दोन गटांत वाटलं, एकांना ऑपरेशन, दुसऱ्यांना औषध आणि सबुरी. दीड वर्षानं सबुरीवाल्यांतल्या फक्त २५ टक्क्यांचं ऑपरेशन झालेलं होतं आणि दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक दिसला नाही. यात एक खोच आहे, ती लपवत नाही. तिकडच्या रांगांमुळे ऑपरेशनच्या गटातल्याही सगळ्यांचं ऑपरेशन दीड वर्षात झालं नव्हतं, ६७ टक्क्यांचंच झालं. म्हणून त्यावरून 'ऑपरेशन व्यर्थ' असं मी म्हणणार नाही. पण ज्याला कळ आली त्यालाही विचार करायला वेळ असतो, एवढं नक्की कळतं. आपल्याकडे सोमवारी सोनोग्राफी आणि गुरुवारी ऑपरेशन असा जो धडाका असतो, त्याची घाई पोटाला नसते.

मग घाई कुणाला असते? दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझंच सांगतो. मी आणि माझ्या एका मित्रानं कर्ज काढून दुर्बिणीचा सेट घेतला, तेव्हा पहिली दोन वर्षं हप्ता जबर होता. त्या काळात गॅसची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा सोनोग्राफी अहवाल मी जरा जास्त आशेनं उघडायचो. खोटं कुणाला सांगितलं नाही. पण 'थांबू या' हे वाक्य तोंडातून जरा उशिरा निघायचं. यंत्र घरात आलं की ते काम मागतं. पुढं मी स्वतःसाठी एक प्रश्न ठरवून घेतला आणि पेशंटलाही तोच विचारतो: हेच ऑपरेशन वीतभर छेद घेऊन करावं लागलं असतं, तर तुम्ही तयार झाला असता का? प्रश्न काटेकोर नाही, कारण दुर्बिणीचा फायदा घेण्यात काही पाप नाही. पण ज्याचं दुखणं मुळात खड्याचं नाही तो यावर लगेच "छे छे" म्हणतो, आणि ज्यानं रात्र रात्र काढलेली असते तो म्हणतो, "कसंबी करा, पण करा."

दुर्बिणीचं ऑपरेशन लहान नाही. भोकं लहान आहेत. हा फरक समजावा म्हणून आत काय चालतं ते सांगतो. बेंबीतून कार्बन डायऑक्साइड भरून पोट तंबूसारखं फुगवतात. बेंबीतून कॅमेरा, वरच्या पोटात एक आणि उजवीकडे दोन, अशी साधारण चार भोकं. पित्ताशय चिमट्यात धरून वर ढकललं की त्याच्या मानेशी चरबीत लपलेला एक छोटा त्रिकोण दिसतो, कॅलोचा त्रिकोण. ऑपरेशनचं सगळं धर्मसंकट तिथं. पित्ताशयाची स्वतःची नळी काडीएवढी, आणि ती जिला मिळते ती मुख्य पित्तनलिका अगदी शेजारी. सूज असेल तर दोन्ही एकमेकींना चिकटलेल्या, आणि ओढल्यामुळे मुख्य नळीच सरळ रेषेत येऊन 'मीच ती' असं भासवते. म्हणून नियम असा: चरबी साफ करायची, पित्ताशयाचा खालचा एक-तृतीयांश भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, एक नळी आणि एक धमनी, दोन्ही बाजूंनी डोळ्यांना स्पष्ट दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही. १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग यांनी मांडलेली ही शिस्त. ती का मांडावी लागली? कारण दुर्बीण आली तेव्हा मुख्य नळी चुकून कापली जाण्याचं प्रमाण वाढलं होतं. उघड्या ऑपरेशनात हजारी एक-दोन, दुर्बिणीच्या सुरुवातीच्या वर्षांत हजारी चार-पाच. शिस्त पाळली की ते उतरतं, पण शून्य होत नाही.

एकदा अशी बाई आमच्याकडे आली, ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी, पोटात पित्त सांडलेलं, डोळे हळदीसारखे. कुठून आली ते सांगण्यात अर्थ नाही, तो सर्जन निष्काळजी नव्हता आणि असं माझ्या हातूनही होऊ शकलं असतं. तिला आधी नळ्या घालून स्थिर केलं, अडीच महिन्यांनी आतडं वर नेऊन यकृताच्या नळीला जोडलं. वर्षभर घर विस्कटलं. तिला आधी त्रास काय होता म्हणून विचारलं तर नवरा म्हणाला, "काही नव्हता, खडा दिसला म्हणून काढला." ज्याला कळा येत होत्या त्याच्यावर असा प्रसंग आला तर निदान मनाला समजावता येतं. हिच्या नवऱ्यापुढे मी गप्पच बसलो.

म्हणून ऑपरेशन ठरलं तर सर्जनला विचारा: नीट दिसलं नाही तर पोट उघडणार का? 'उघडेन' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवा. मधूनच उघडावं लागणं म्हणजे फजिती नव्हे, तो शहाणपणा.

आपल्या भागाची एक वेगळी भानगडही आहे. सीमाभागातल्या माणसाच्या खिशात कार्डांचा पत्त्यांचा डाव असतो. २०१८ पासून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक. सहकारी संस्थेचा सभासद असेल तर यशस्विनी, जी २००३ मध्ये सुरू झाली, मधे थांबली आणि २०२२ मध्ये परत आणली गेली. वर महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना लागू करायचं ठरवलं, त्यावरून दोन्ही सरकारांत झालेली वादावादी तुम्ही वाचली असेल. राजकारण बाजूला ठेवतो. सर्जन म्हणून मला एवढं दिसतं की या योजना मुख्यतः ॲडमिट होण्याला आणि ऑपरेशनला पैसे देतात. जळजळीची गोळी, जठराची एंडोस्कोपी, सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी, हे बहुतेकदा खिशातून. 'थांबा, बघू या' याला कुठल्याच योजनेत दर नाही. गरीब माणसानं मग फुकटातलं ऑपरेशन निवडलं तर त्याला दोष कसा द्यायचा? आणि ज्याला ते खरंच हवं होतं त्याला या कार्डांनी जमीन गहाण ठेवण्यापासून वाचवलं, हेही मी रोज बघतो.

दुसरी गोष्ट कागदांची. बेळगावात सोनोग्राफी, मिरजेत किंवा कोल्हापुरात सल्ला, ऑपरेशन तिसरीकडेच. अहवाल इंग्रजीत, संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, आणि सही करणारी म्हातारी मराठी. कुठल्याही दवाखान्यात 'मला माझ्या भाषेत सांगा' म्हणायचा हक्क आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक सिस्टर तिन्ही भाषा बोलतात. लाजू नका.

त्रास नसतानाही काढावं असे काही प्रसंग आहेत. खडा ३ सेंटिमीटरहून मोठा असेल, पित्ताशयात १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप (आतल्या भिंतीला आलेला कोंब) असेल, पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम साठलं असेल, किंवा रक्तपेशी फुटण्याचा जन्मजात आजार असेल तर. नुसता मधुमेह आहे म्हणून काढा, हे आता मागं पडलंय. कॅन्सरची भीती दाखवली जाते. पित्ताशयाचा कॅन्सर गंगेच्या खोऱ्यात जास्त आढळतो, आपल्याकडे त्या मानानं कमी. ११ मिलिमीटरच्या गप्प खड्यासाठी ती भीती बाळगू नका.

एक बाब मात्र पुस्तकात सापडणार नाही. ज्याला एकदा खरी कळ येऊन गेलीय आणि जो कणकुंबी-जांबोटीकडच्या जंगलातल्या, पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या गावात राहतो, त्याला मी मेच्या आत उरकून घ्यायला सांगतो. शहापूरच्या माणसाला कळ आली तर रिक्षा दहा मिनिटांत दवाखान्याच्या दारात असते. जंगलातल्या माणसाला चिखलातून खांद्यावर आणावं लागतं. तोच खडा, तीच कळ, सल्ला वेगळा.

तुमच्या आईला कुळथाचं पाणी, पानफुटीची पानं देऊ नका. लोक देतात ती मुतखड्यावर, आणि मुतखड्याचा रस्ता वेगळा, हा खडा त्या वाटेनं जाऊच शकत नाही. ऑलिव्ह तेल-लिंबाचा 'खडे पाडणारा' उतारा मोबाईलवर फिरत असतो. त्यातून जे हिरवे गोळे पडतात ते तेलाचा साबण असतो. रात्रीचं जेवण लवकर, तळलेलं बेतानं. कुंदा मांडणाऱ्याला नाराज करू नका, पण एका वाटीवर थांबा.

घरात एक वही ठेवा. पोटात दुखलं तर तारीख, किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं, आधी काय खाल्लं होतं, दुखणं पाठीत गेलं का, एवढं लिहायचं. 'गॅस धरला' असं लिहायचं नाही, कुठं आणि किती वेळ ते लिहायचं. अशा दोन नोंदी झाल्या तर वही आणि जुना अहवाल घेऊन सर्जनकडे जा, मग आपण ऑपरेशनचं बोलू. त्यातलं एक तेव्हाच सांगेन, पोटात सोडलेल्या गॅसमुळे दोन दिवस खांदा दुखतो, घाबरू नका. आणि दुखणं सहा तासांवर गेलं, हुडहुडी भरून ताप आला, किंवा डोळे-लघवी पिवळी झाली, तर वही घरीच राहू दे, रात्र असली तरी निघा.